मांडवातले साक्षीदार

निवडणुकीच्या दिवसांत विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मोठी सभा झाली की संध्याकाळपर्यंत त्या मैदानाचा वरून काढलेला फोटो मोबाइलवर फिरू लागतो आणि भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते, बघा लाट. दुसरी म्हणते, कसली लाट, पाचशे रुपये रोजानं आणलेली माणसं, पुरी-भाजी खाऊन घरी गेली. सभा उजव्या विचारांच्या, धर्म-परंपरा-राष्ट्र या भाषेत बोलणाऱ्या नेत्याची असेल तर तिसरा सूरही लागतो, आणि तो शिकलेल्या माणसांचा असतो: जो तिथं जाऊन बसला तो त्यांचाच झाला. गेल्या विधानसभेच्या प्रचारात मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीत ज्याचं नाव घेतलं जात होतं अशा एका नेत्याच्या सभेला मी गेलो होतो. त्याचं राजकारण मला पटत नाही, हे मला ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दोन मित्रांनी पाठ फिरवली आणि एका तरुण शिक्षकानं विचारलं, ‘सर, तुम्हीसुद्धा?’

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला मत द्यायचं नाही त्याच्या सभेला तर आधी जावं. गावातली माणसं जातात त्यात त्यांचं काही चुकत नाही, आणि त्यांची टिंगल करणारे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात. नेता लोकांच्या तोंडावर काही बोलतो आणि हजारो माणसं ते एकाच वेळी कानांनी ऐकतात, अशी जागा आता सभेशिवाय उरलेली नाही. पुढं तो शब्द फिरला तर ‘तू असं बोलला होतास’ असं सांगायला तिथं हजर असलेलाच माणूस लागतो. त्याला भाडोत्री ठरवलं की त्याची साक्षही भाडोत्री ठरते. यात फायदा कोणाचा?

आधी सभा असते कशी ते पाहू, कारण बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती मोबाइलवरच पाहिलेली असते. नोव्हेंबरचे दिवस. कापूस वेचणीला आलेला, सोयाबीन निघालेलं. कोणाचं बाजारात गेलेलं, कोणाचं भावाच्या आशेनं घरात पोत्यांत पडलेलं. सोयाबीन काढून मोकळं झालेलं एक वावर हेलिपॅडसाठी घेतलेलं. सभेची वेळ दुपारी बाराची. अकरापासून टेम्पो, ट्रॅक्टर, काळीपिवळी. प्रत्येक गाडीमागं गावचा एक कार्यकर्ता हातात वही घेऊन, कारण माणसं किती आणली याचा हिशेब त्यालाही वर द्यायचा असतो. स्थानिक पुढारी एकामागून एक बोलतात, त्यांचं कोणी ऐकत नाही आणि त्यांनाही ते माहीत असतं. तीनच्या सुमारास आकाशात आवाज येतो, पोरं धावतात, धुरळा उडतो. मुख्य भाषण जेमतेम अर्ध्या तासाचं. पुढची सभा दुसऱ्या जिल्ह्यात असते आणि अंधार पडायच्या आत हेलिकॉप्टर उडायला हवं असतं.

या वेळात मांडवाच्या मागच्या भागात काय चाललं होतं ते फोटोत येत नाही. माझ्या शेजारी साठीच्या पलीकडचे एक गृहस्थ होते. गळ्यात वाटलेला दुपट्टा, खिशात तंबाखूची पुडी. भाषणात सोयाबीनचा भाव आला तेव्हा त्यांनी शेजारच्या पोराला सांगितलं, ‘आकडा ध्यानात ठेव गा, मंग इचारता येते.’ धर्मावरचं बोलणं आलं तेव्हा ते पुडी सोडत होते. पुढं बसलेली तरुण पोरं मात्र तिथंच सगळ्यात जोरात ओरडली, हेही सांगायला हवं. भाषण संपायच्या आधीच बायका उठून गाडीकडं निघाल्या. घरी चुली पेटवायच्या होत्या. एकाच मांडवात एकाच भाषणाची चार-पाच वेगवेगळी ऐकणी चालली होती. वरून काढलेल्या फोटोत ती सगळी एका रंगाची दिसतात.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. पैसे वाटले जातात. सगळ्यांना नाही, सगळीकडं नाही, पण वाटले जातात. त्याहून वाईट म्हणजे दबाव. बचत गटाच्या बायकांना निरोप येतो, ‘अमुक वाजता यायचं, हजेरी होणार आहे.’ कर्ज, अनुदान, योजनेचा हप्ता या सगळ्याच्या दोऱ्या कोणाच्या हातात आहेत हे त्या ओळखून असतात. नाव कटेल या भीतीनं जातात. सत्तेतल्या पक्षाच्या सभेत याचं प्रमाण जास्त, आणि सत्ता कोणाचीही असो, हे असंच चालत आलंय. अशी गर्दी स्वखुशीची नसते, हे म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

पण त्यातून निघणारा निष्कर्ष पाहा. पैसे दिले म्हणून चीड येते ती घेणाऱ्या बाईची, देणाऱ्याची नाही! वेचणीच्या हंगामात एक दिवस घरी बसला तर मजुराचा रोज बुडतो. तो भरून मिळाल्याशिवाय त्यानं यावं अशी अपेक्षा करणारा स्वतः पगारी सुट्टी टाकून साहित्य संमेलनाला जात असतो. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 मध्ये लाच म्हणजे मत देण्यासाठी किंवा न देण्यासाठी दिलेली वस्तू. मांडवात बसण्याचा मोबदला आणि मताचा सौदा यांतला फरक गावच्या माणसाला चांगला कळतो. पैसे घेऊन त्यानं मत कोणाला दिलं हे शोधायला निघालेला कार्यकर्ता निकालाच्या दिवशी डोकं धरून बसलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्या गृहस्थांना मी विचारलं, काका, मग मत यांनाच का? ते हसले. ‘पावणे पोरगी पाहाले आले म्हून सोयरीक जमली काय?’

खर्चाच्या हिशेबातही हीच गंमत आहे. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडं 40 लाखांची मर्यादा आहे. जिल्हा निवडणूक यंत्रणा दरपत्रक काढते: खुर्ची एक, इतके रुपये, चहा एक, इतके, जेवणाचं ताट, इतके. सगळं उमेदवाराच्या खात्यात चढतं. मात्र त्याच कायद्याच्या कलम 77 नुसार पक्षाच्या यादीतल्या स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खर्चात धरला जात नाही. मान्यताप्राप्त पक्षाला असे 40 जण नेमता येतात. म्हणजे मांडवातल्या बाईच्या हातातली पुरी-भाजी नोंदीत येते आणि वरून आलेलं हेलिकॉप्टर सुटतं. आपल्या चर्चेचीही तऱ्हा तीच. पुरी-भाजीवर पानं भरतात. हेलिकॉप्टरचा खर्च कुठून येतो हे क्वचितच कोणी विचारतं.

गर्दी म्हणजे लाट असं म्हणणाऱ्यांचा समाचार लवकर आटोपता येतो, कारण विदर्भाचा इतिहासच त्यांच्याविरुद्ध उभा आहे. 1954 च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर हरले. अडीच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरच्या मैदानावर लाखो माणसं पदरचे पैसे मोडून, भाकरी बांधून त्यांच्यामागं उभी राहिली. यातला कुठला आकडा खरा? दोन्ही खरे. संयुक्त मतदारसंघातली मतं वेगळी गोष्ट मोजतात आणि मैदान वेगळी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचंही तसंच. कापसाच्या भावासाठी शेतकरी स्वखर्चानं मैदानं भरत, पण मतपेटीतून आमदार निघाले ते मोजकेच. अगदी अलीकडचं सांगायचं तर 28 फेब्रुवारी 2024 ला पंतप्रधान यवतमाळला आले, बचत गटांच्या महिलांचा प्रचंड मेळावा झाला. कार्यक्रम शासकीय होता, पण थाट सभेचाच. जूनमध्ये यवतमाळ-वाशीमची लोकसभेची जागा विरोधकांनी जिंकली. विदर्भातल्या दहापैकी सात जागा त्यांच्याकडे गेल्या. नोव्हेंबरमध्ये त्याच विदर्भानं विधानसभेच्या बहुसंख्य जागा महायुतीच्या पदरात टाकल्या. मांडव दोन्ही वेळा, दोन्ही बाजूंचे, भरलेलेच होते. मैदान मोजून मत सांगणारा पंडित आणि मैदान पाहून मतदाराला विकाऊ म्हणणारा टीकाकार एकच चूक करतात: हजेरी म्हणजे होकार असं दोघंही धरून चालतात.

मग लोक जातात कशाला? करमणूक हेही एक कारण आहे, ते लपवायचं कशाला? हेलिकॉप्टर पाहायला मीही मान वर केली. पण तेवढ्यावर ही सवय टिकलेली नाही. या भागाला ऐकायची जुनी खोड आहे, आणि ऐकणारा इथं कधी मुका नव्हता. गाडगेबाबांच्या कीर्तनाचा सगळा बाजच प्रश्नोत्तरांचा. बाबा विचारत, समोरची हजारो माणसं उत्तर देत, आणि त्या उत्तरातच श्रोता अडकत असे. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरच्या भजनाला जमलेली माणसं 1942 च्या चिमूरच्या उठावात काय करू शकली हे इंग्रज सरकारनं पाहिलं. महाराजांना तुरुंगात टाकलं ते भजनं शांतपणे ऐकून लोक घरी जातात असं वाटलं म्हणून खचितच नाही. पोळ्याच्या तोरणाखाली आजही झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी कवनं, म्हटल्या जातात आणि त्यांत सरकारचा, सावकाराचा, आमदाराचा यथेच्छ उद्धार होतो. कच्चा माल येतो कुठून? सभेतून. दिवाळीत दिलेला शब्द पुढच्या पोळ्याला झडतीत येतो. झडती म्हणणाऱ्याला तो शब्द ऐकलेला असावा लागतो, वाचून ती धार येत नाही.

दाभडीचं उदाहरण घ्या. यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातलं छोटंसं गाव. 20 मार्च 2014 ला पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून नरेंद्र मोदी तिथं आले, चहावर शेतकऱ्यांशी बोलले, उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून भाव देण्याची गोष्ट केली. फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की असा भाव देणं शक्य नाही. 2018 च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव जाहीर झाला, पण खर्च कुठला धरायचा यावर वाद राहिला: जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज धरून की ते सोडून. या सगळ्या काळात दाभडीचं नाव पुसलं गेलं नाही. दर निवडणुकीत, दर शेतकरी आंदोलनात ते निघतं. का? कारण तो शब्द जाहीरनाम्याच्या कुठल्या तरी पानावर नव्हता. नाव सांगता येईल अशा गावात, तारीख सांगता येईल अशा दिवशी, समोर बसलेल्या माणसांना सांगितलेला होता. 2006 मध्ये मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज देऊन गेले. त्या पैशांत काय आलं आणि कोणाच्या गोठ्यापर्यंत पोचलं याचा हिशेबही गावागावांत असाच तोंडी चालू राहिला. साक्षीदाराला पक्ष नसतो. त्या दिवशी दाभडीत जाणारे सगळे विकले गेलेले होते असं कोणी ठरवून टाकलं असतं, तर आज विरोधक कोणाच्या तोंडानं ‘दाभडी’ म्हणाले असते?

गेल्या विधानसभेतही तेच. महायुतीचे शब्द: सोयाबीनला क्विंटलमागं सहा हजार, लाडक्या बहिणींना 2,100 रुपये, कर्जमाफी. आघाडीकडून सोयाबीनला सात हजार. हमीभाव तेव्हा 4,892 होता आणि बाजारात त्याहून कमी मिळत होता. पुढच्या हंगामासाठी तो 5,328 ठरला. सहा हजारांचं काय झालं, हे विचारायला आता कोणाच्या तोंडाला जास्त वजन आहे: सभेवर बहिष्कार टाकून घरी बसलेल्याच्या, की ‘आकडा ध्यानात ठेव’ म्हणणाऱ्या त्या काकांच्या? ऑक्टोबर 2025 मध्ये कर्जमाफीसाठी ट्रॅक्टर घेऊन नागपूरच्या वाटेवर महामार्ग अडवून बसलेल्या शेतकऱ्यांत एक वर्षापूर्वी त्या मांडवांत टाळ्या वाजवणारेही असणार, याबद्दल मला शंका नाही. टाळी वाजवलेल्या माणसाचा राग जास्त खरा असतो. त्याच्या तोंडावर दिलेला शब्द मोडलेला असतो.

राहिला तो तिसरा सूर, शिक्षक मित्राचा, आणि मला तोच सगळ्यात गंभीर वाटतो. त्याचं म्हणणं असं: भाव-बिव ठीक आहे, पण त्या मंचावरून तुमच्याच गावातल्या मुसलमानाबद्दल, तुमच्याच शेजाऱ्याबद्दल जे बोललं जातं, ते बसून ऐकणं म्हणजे त्याला मान्यता देणं आहे. तुम्ही टाळी वाजवली नाही हे त्या शेजाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की तुम्ही खुर्चीत बसला होता. आणि विरोधकाची खुर्चीसुद्धा त्या फोटोत मोजली जाते. या युक्तिवादाला चटकन उत्तर नाही. गावात पेठेतलं दुकान, शेतातली वाटणी, मयतीचा खांदा या सगळ्यांत ज्याच्याशी संबंध आहे, त्याच्या मनात शंका येणं ही किंमत लहान नव्हे. मी ती मोजली, आणि तरीही गेलो.

याची कारणं इतिहासातून सुचतात. काँग्रेसचं 1907 चं अधिवेशन नागपूरला भरायचं होतं. जहाल-मवाळांच्या भांडणापायी ते सूरतला हलवलं, म्हणजे विरोधक जिथं प्रबळ आहेत ते मैदानच टाळलं. सूरतेत भर मांडवात जोडा उडाला, खुर्च्या फेकल्या गेल्या, काँग्रेस फुटली. 1920 च्या डिसेंबरात अखेर नागपूरला अधिवेशन झालं, असहकाराचा ठराव झाला, आणि त्याला विरोध करायला उभ्या राहिलेल्या जीनांना ओरडून खाली बसवलं गेलं. त्यानंतर त्यांनी काँग्रेस सोडली. त्या एका हुर्योतून पुढचं सगळं घडलं असं म्हणणं बालिशपणाचं होईल; पण ज्याचं म्हणणं ऐकायचंच नाही असं सभेनं ठरवलं, तो आपलं वेगळं मैदान शोधतो, एवढं कळायला त्यापुढचं काही माहीत असायची गरज नाही. आपण न गेल्यानं उजव्या नेत्याचं मैदान ओस पडत नाही. पडतं काय, तर त्यात फक्त त्याचीच माणसं उरतात. मग मंचावरून काहीही बोललं तरी एकही चेहरा आक्रसत नाही, एकही माणूस उठत नाही. बोलणाऱ्याला मर्यादा घालणारी जी एक गोष्ट मैदानात असते, समोरच्यांची कुरबुर, तीच आपण आपल्या हातानं काढून घेतो.

आणि उठून जाता येतं, हे आपण विसरलोय. सभा उधळणं मला मान्य नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 नुसार निवडणुकीच्या सभेत गोंधळ घालणं गुन्हाही आहे. पण उठून चालू लागण्यावर कुठलं कलम नाही. त्या दिवशी एका खालच्या पातळीच्या वाक्यावर आमच्या रांगेतले तिघे-चौघे उठले, मीही उठलो, कडेला जाऊन उभे राहिलो. कार्यकर्त्यानं येऊन ‘बसा ना भाऊ’ म्हटलं. कोणी म्हटलं, ‘हे नाही ऐकाचं, भावाचं निंघालं का सांगजो.’ यानं राजकारण बदललं असा माझा दावा नाही. पण दुसऱ्या दिवशी मी ज्या मुसलमान शेजाऱ्याकडं पंक्चर काढायला थांबलो, त्यानंच सभेत काय बोलले ते विचारलं आणि मी जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, मोबाइलवर आलं त्यापेक्षा थोडं कमी वाईट आहे, आणि एका ठिकाणी जास्त. ही अचूकता त्याच्या उपयोगाची होती. मी घरी बसलो असतो तर दोघंही अर्धवट क्लिपवर भांडलो असतो.

टीका करायचीच तर ती सभेच्या घडणीवर करावी. अर्ध्या तासात उडून जाणाऱ्या नेत्याला प्रश्न विचारायची सोय नाही, हा खरा दोष आहे. व्याख्यानमालांमध्ये श्रोत्यांच्या चिठ्ठ्या वक्त्याकडं जायच्या आणि तो त्या वाचून उत्तर द्यायचा. प्रचारसभेत ती रीत का असू नये? ग्रामसभेत प्रश्न विचारायचा अधिकार कायद्यानं आहे, तर तिथं पंधरा टक्के किंवा शंभर मतदारांची गणपूर्तीसुद्धा होत नाही म्हणून तहकुबी लिहून मोकळे होतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं अभ्यासगट चालवून, सर्वसहमतीनं निर्णय घेऊन दाखवलं की प्रश्न विचारणारं गाव उभं राहू शकतं. त्या सवयीचं एक गाव तालुक्याच्या सभेत जाऊन बसलं तर मंचावरच्या माणसाला पाणी प्यावं लागेल.

आता जिल्हा परिषद असो की पुढची विधानसभा, मांडव पुन्हा लागणारच आहेत. उजव्या पक्षांचा विरोध करणाऱ्या माझ्या मित्रांना माझं एवढंच सांगणं आहे की गर्दीचे फोटो काढून ‘विकाऊ’ लिहिण्याऐवजी प्रत्येक सभेला दोन माणसं वही देऊन पाठवा. आकडा, मुदत, योजनेचं नाव, आणि शेजाऱ्याविरुद्ध बोललेलं प्रत्येक वाक्य तारखेसह लिहून घ्या. आपल्या बाजूच्या नेत्यांच्या सभेतही त्याच वहीत लिहा, पान वेगळं करू नका. आणि बचत गटाची जी बाई नाव कटायच्या भीतीनं गाडीत बसली, तिला हसण्याआधी तिचं नाव कापण्याची धमकी कोणी दिली ते तिला विचारा. ती सांगेल. फक्त विचारणारा माणूस पुढच्या हप्त्याच्या वेळी तिच्यासोबत बँकेत उभा राहणार आहे का, हे ती आधी पाहील.